मॅग्नेशियमची कांडी

पूर्णगडहून एक टाकी परत आली,
टेम्पोत, सुक्या बांगड्यांच्या पाट्यांना टेकून.
बारा वर्षं जुनी. नंबर ठोकलेला माझ्याच हातचा,
सातातला दांडा तेव्हाही तिरकाच पडायचा.

परकारशेठ म्हणाले, काप.

मिरजोळ्याच्या आमच्या शेडमधून
रोज बावीस टाक्या उतरतात.
पत्रा वळवायचा, सांधा मारायचा,
हवा भरून आठ किलोचा दाब द्यायचा
आणि साबणाचा फेस लावून बघत बसायचं.
बुडबुडा आला तर सांध्याची पुन्हा समजूत काढायची.
नाही आला तर पांढरा रंग, पाच वर्षांची गॅरंटी,
कागदाच्या तळाला बारीक अक्षरात:
खारं पाणी, खारी हवा, आम्ही जबाबदार नाही.
आणि विकतो कुठं?
जयगडला, हर्णैला, देवगडला.

ग्राइंडर लावला. उघडली.
आत क्षाराचा थर, शिंपल्याच्या पोटासारखा,
आणि मधोमध
जिथं अंगठ्याएवढी जाड कांडी बसवली होती
तिथं नुसती तार.
बांगडा खाऊन ताटात उरतो
तेवढा काटा.

शेठनी ती उजेडात धरली.
"पाण्याला काहीतरी खायला लागतंच, लवू.
हिला खाल्लं, म्हणून पत्र्याला सोडलं."
नवी पोरं हसली,
त्यांना वाटलं म्हातारा जेवणाचं बोलतोय.
हल्ली शेठच्या शर्टाची कॉलर
मानेभोवती मोकळी फिरते.

बारा वर्षं त्या घरात
काय काय तापवलं असेल हिनं.
बाळंतिणीच्या पाठीवरचं पाणी.
पहाटे मचव्यावरून उतरलेल्याची
आखडलेली बोटं.
आणि एखाद्या दुपारी कुणी काही न बोलता
भरून नेलेली बादली,
अंगणात, पाटापाशी.
दुरुस्तीच्या पावतीवर एवढंच: गळते.

तार भंगारात टाकायची होती.
भाकरीच्या डब्यात घातली.

आमच्या घरी गीझर नाही.
तांब्याचा बंब आहे, आवाशीच्या लग्नातला,
पोचे आलेला.
सोडणं पेटवली, धूर डोळ्यांत गेला.
बायको म्हणाली, रोज बावीस करता,
एखादा आणा की घरी.
आणतो, म्हटलं.

बादलीत हात घातला. कढत.
पडवीतून शेठच्या घराचा दिवा दिसत नाही,
मध्ये अख्खा डोंगर आहे,
तरी बघितलं.
मग विसण ओतलं.