बावीस

गोळीबार चौकातल्या आमच्या घरात
मागाचा खड्डा बुजवून बारा वर्षं झाली,
तरी तिथली फरशी अजून जराशी खोल बसते.
डबा मी तिथेच ठेवला.

अठरा मिलिमीटरचा प्लाय, आत शंभर लिटर हवा,
सांध्यांना फेव्हिकॉल, रात्रभर शिकंजे.
सकाळी बारीक सूर लावून
उदबत्ती कडेकडेने फिरवली.
डाव्या कोपऱ्यात धूर एकदम शहारला.
तिथे सुईएवढी फट.
बुजवली.

मोटारी भरणं हा माझा धंदा.
मार्च लागला की दारात कुलरच्या मोटारी ओळीनं बसतात,
जळलेल्या तारेचा वास मला पायरीवरूनच कळतो.
म्हणून गेल्या वर्षी मारबतीच्या आदल्या रात्री
पहिला स्पीकर गेला तेव्हा
मी वाकून पाहिलंसुद्धा नाही.
त्याआधी एकदाच टक्क झालं होतं,
आतली कॉइल मागच्या लोखंडावर आपटली होती.
पोरं म्हणाली, काय बेस आहे बे!

आता दुसरा.
कोनावर व्हाइटनरचा एक ठिपका,
एका हातात टॉर्च,
मोबाइलवर सूर, एकेक आकडा खाली.
चाळीस. ठिपक्याची रेघ होते.
अठ्ठावीस. रेघ आखूड.
वीस. रेघ मिटून पुन्हा ठिपका.
कोन उभा, जणू काही चाललंच नाही,
आणि नळीच्या तोंडाशी हात धरला
तर तळव्यावर कुणाचा तरी श्वास.

वीस फार खाली. एवढं या स्पीकरला झेपायचं नाही.
नळी मुद्दाम लांब ठेवली होती, बावन्न सेंटिमीटर;
कापता येते, वाढवता येत नाही.
बोटभर कापली, लावली, पाहिलं. पुन्हा बोटभर.
एक्केचाळीसला ठिपका बावीसवर येऊन थांबला.
नळीचे ओठ पॉलिश पेपरने घासले,
फुसफुसत होती, गप्प झाली.

बाबा खाटेवरून म्हणाले,
"काय करून राहिली वो हेमे सकाळपासून?
आवाज तं येऊनच नाही राहिला."

मी म्हटलं, हे पाहा,
आणि सूर अठरावर नेला.
रेघ फाटल्यासारखी उसळली, मी झटकन बंद केलं.
बावीसच्या खाली डब्यातली हवा कोनाला धरत नाही, बाबा,
नळीतून नुसती आतबाहेर पळते.
कानाला काही कळत नाही
आणि आत सगळं सुटलेलं असतं.

ते उठून बसले.
"ताणा सैल," म्हणाले. "मंग धोटा उडते.
उकंड्या परातेचा समोरचा दात असाच गेला.
अन् आवाज? काहीच नाही आला.
दात पडल्यावर आला, उकंड्याचा."

सीताबर्डीहून आणलेली दोन पेचांची पाटी,
बारक्या पेचकसाने वीसवर बसवली.
त्याच्या खालचं जे येईल ते दारातच गळेल.
पोरांना हे सांगायचं नाही.
पोरं म्हणतील, बेस कापला.

मग हळूहळू नॉब फिरवला.
अर्ध्यावर फळीवरच्या वाट्या बोलायला लागल्या,
त्यांच्याखाली पेपरची घडी सारली.
ठिपक्याची रेघ, तांदळाच्या दाण्यापेक्षा लांब नाही.
मॅग्नेटला हात लावला: कोमट.

बाबांनी चप्पल काढली.
खोल बसलेल्या फरशीवर उजवा पाय टेकला,
मग डावा,
मग उजवा दाबला, जशी पावडी दाबायचे.
काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

तेवढ्यात शेजारच्या सोरतेबाईंची कडी वाजली.
"कोन हाय वो?"
दार उघडल्याचा आवाज, बंद झाल्याचा,
पुन्हा कडी. "अवं कोन हाय?"

नॉब दोन काटे मागे घेतला.
दारात कुणीच नव्हतं, बाई,
बावीस होतं.