नुंग्री

एकोणीस दिवस.
कॅलेंडरवर खुणा करत नाही, पोरगा बघतो.
मागाच्या लाकडावर नखानं ओरखडे काढते,
नवऱ्याला वाटतं साड्यांचा हिशोब.

वडगावात आमच्या गल्लीत
रात्री अकरापर्यंत माग खटखटतात.
कुणाचं काही ऐकू येत नाही.
जुनी लुगडी फाडून संपली
तेव्हा डाग पडलेली एक साडी उचलली,
मालकाला न विचारता.

शहापूरच्या डॉक्टरनं मान वर न करता सांगितलं,
पिशवी काढून टाका. पस्तीस हजार.
आता तिचं काय काम?
जावेची काढली, समोरच्या शारव्वाची काढली,
आमच्या ओळीत सात घरं, पाच पिशव्या गेल्या.
विचारून सांगते, म्हटलं.
कुणाला, ते ठाऊक नव्हतं.

सिव्हिलला पोरसवदा डॉक्टरीण, विजापूरकडची.
तिला मराठी नाही,
माझं कानडी बाजारापुरतं:
येष्ट, कडिमी माडा.
"मुट्टु येष्ट दिना?"
मुट्टु म्हणजे शिवणं.
आमच्यातही कावळाच शिवतो की.
बाहेर पाटीवरच्या अक्षरांना डांबर फासतात,
आत हा एक शब्द दोन्हीकडं सारखा,
तोही लांब बसवायला ठेवलेला.

दहा बोटं दाखवली, मग नऊ.
वाटलं, पोट बघेल.
ती उठून माझ्या मागं उभी राहिली
आणि गळ्यावर दोन्ही हात ठेवले,
डोरल्याच्या जरा वर.
अंग आखडलं माझं.
मागून गळ्याला आलेला हात
मला एकदा माहीत आहे.
"नुंग्री अक्का, नुंग्री."
कळेना. तिनंच आवंढा गिळून दाखवला.
हे होय.
हे तर मला येतंय की.
गिळलं.
तिच्या बोटांखाली सुपारीएवढं काहीतरी
वर गेलं, खाली आलं.

थायरॉइड, म्हणाली. रक्त सात.
एप्रिलात स्वेटर घालून मागावर बसायची मी,
सगळे हसायचे.
आवाज जाड झालेला,
फोनवर पोरगा मला बाबा समजायचा.

आता पहाटे उपाशीपोटी एक गोळी,
तासभर चहा नाही.
तो तास फार लांब असतो.
चौथ्या महिन्यात ओरखडे सहावर थांबले.

जाऊ विचारते, गळा बघून पोटाचं कसं कळलं गं?
तिची पिशवी जाऊन चार वर्षं झाली.
केस तिचेही कांडीत अडकतात,
दुपारी शाल घेते.
मंगळवारी माग बंद होता.
तिच्या मागं उभी राहिले,
हात आधी चोळून गरम केले.
गिळ बघू, म्हटलं.