एक तिरकी रेघ

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेल कारखान्याच्या वरच्या खोलीत
मी काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करते.
खाली चोवीस माग. टेबलावरचा चहा
त्यांच्या तालावर गोल गोल शहारतो.

हा हिशेब गोवर्धन बोमड्यालने लिहिला,
तेरा वर्षांपूर्वी, जुन्या बोलीत.
नवा संगणक ती बोली ऐकून घेत नाही.
म्हणून हे अवजार: फायलीचं नाव द्या, एंटर दाबा,
जुनं व्याकरण उसवून नवं घालून देतं.

आधी नुसतं दाखवतं.
उण्याच्या खुणेपुढे जुनी ओळ, अधिकच्या खुणेपुढे नवी.
प्रत्येक प्रिंटभोवती कंस येतो
(या कंसाने अजून कुणाचा जीव घेतलेला नाही),
एक्सरेंजचा एक्स गळतो दुधाच्या दातासारखा,
एका स्वल्पविरामाच्या जागी अख्खा शब्द बसतो.
टिपांना मात्र हात लावत नाही.
टिपा गोवर्धनच्या, इंग्रजी अक्षरांत मराठी,
मधूनच तेलुगू: इक्कड जाग्रत्त.
इथे जपून.

एकेचाळीस फायली. साडेचार सेकंद.
पगारपत्रक चालवून पाहिलं
तर बेरीज जास्त.
थोडीच. पण जास्त.

शोधत शोधत ओळ दोनशे सात:
टॉवेल भागिले बारा.
अवजाराने ही ओळ बदललीच नव्हती.
अक्षरं तीच, तिरकी रेघ तीच.
जुन्या बोलीत एकशे पंचवीस भागिले बारा म्हणजे दहा, विषय संपला.
नव्या बोलीत दहा, टिंब,
आणि पुढे लांबत जाणारी शेपटी.

पाच टॉवेल.
दर आठवड्याला, दर माणसामागे,
कधी तीन, कधी अकरा.
कुणी चोरले नव्हते. भागाकारच तसा होता.
वर टीप आहे: बाकी पुढच्या आठवड्यात धरणे,
मालकांना विचारून.
तिच्याखाली तशी ओळ नाही.
विचारलं नसेल.
किंवा विचारलं असेल.

उपाय मला ठाऊक आहे.
त्या रेघेला खेटून आणखी एक रेघ दिली
की नवी बोलीही जुनीसारखीच कापते.
एक कळ. बेरीज जुळते,
मालक खालून चहा पाठवतात.

बोट कळीवर होतं.
खाली एक माग थांबला.
धागा तुटला असणार, कुणीतरी वाकून गाठ मारत असणार.
गाठीचा आवाज वर येत नाही,
तेवीस मागांचा येतो.

मी फाइल तशीच सेव्ह केली.

शनिवारी नरसय्या कुरापाटी रांगेतून चिठ्ठी घेईल,
ट्यूबच्या उजेडात धरेल,
आणि दहाच्या पुढचं टिंब
चिकटलेली घाण समजून
नखाने खरवडून पाहील.