चारच आटे

डेलमर उलट्या बादलीवर बसलाय,
माझ्या गॅरेजच्या दारात, उन्हाच्या पट्ट्यात,
अंगात दोन स्वेटर, मांडीवर दोन्ही हात
दाबून धरलेले, कोंबड्या धराव्यात तसे.
ऑगस्टपर्यंत हा ट्रक त्याचा होता.
लायसन्स काढून घेतलं मुलीने, डॉक्टरने,
आणि मन्सीच्या आरटीओने.
आधी कोणी, ते तो रोज वेगळं सांगतो.
मी अकराशे डॉलर मोजले.
त्याने पावती लिहिली, अक्षर लागलं नाही.
किल्लीबरोबर तोही येईल
हे पावतीत असावं बहुतेक.

आज प्लग. आठ.
"आधी फुंकर," तो म्हणतो.
कॉइल उपसून खोल भोकांत हवा मारली
तर धूळ, गंज, आणि तिसऱ्यातून
खारीने जपून ठेवलेलं अर्धं अक्रोड.
"भाडं थकलंय तिचं," डेलमर.

मग एक्स्टेंशन, त्याला एक्स्टेंशन, टोकाला सॉकेट.
जरा सोडायचं, थांबायचं, तेलाचा थेंब,
जरा परत आवळायचं, पुन्हा सोडायचं.
जोर लावायचा नाही, अंदाज लावायचा.
"या इंजिनात प्लगला धरायला चारच आटे."
चार. मी बोटांवर मोजून पाहिले,
अंगठा उरला.

निघाले ते अंड्यांच्या ट्रेमध्ये ओळीने.
आठवडाभर मी हॉस्पिटलच्या तळघरात
लोकांच्या शरीराचे मेणात बसवलेले तुकडे
चार मायक्रॉनच्या चकत्यांत कापते,
रंगवते, वर पाठवते.
काय निघालं ते मला कोणी सांगत नाही.
इथे लगेच कळतं:
पहिला बिस्किटी, म्हणजे ठीक. दुसरा तसाच.
सहावा काजळलेला.
सातव्याची धार झिजून गोल, आणि फट अशी रुंदावलेली
की ठिणगीला उडी मारताना दम लागत असणार.
"नव्वद हजार मैल," डेलमर म्हणाला,
"मोजतंय कोण म्हणा."

इचलकरंजीत माझ्या लुनाला एकच प्लग होता.
सूतगिरणीच्या फाटकाशी बंद पडली की
केसांतली पिन काढून मी तो खरवडायची,
ओढणीला पुसून परत.
आटे किती, कधी विचारलं नाही.
ती चालायची.

चौथा राहिला.
क्रमांकाने चौथा, कामाने शेवटचा:
पार मागे, पत्र्याला चिकटून, हीटरच्या पाइपाआड.
दिसतच नाही. आरसा धरला
तर आरशात माझंच कपाळ, ग्रीस लागलेलं.
"बघू नकोस," म्हणत डेलमर उठला.
खिशातून रबरी नळीचा वीतभर तुकडा काढला,
नवा प्लग तिच्या तोंडात खोचला.
तीन प्रयत्न लागले. मी मध्ये पडले नाही.
"नळीनेच फिरव. आटा आडवा गेला तर नळी घसरते.
पाना घसरत नाही. पाना कुणाचं ऐकत नाही."
आणि हवेत हात फिरवून दाखवला,
कसा, कुठून, किती.
हात थरथरत होता.
मी थरथर वजा केली
आणि उरलं ते केलं.

नळी घसरली.
परत. घसरली.
मग उलटी, डावीकडे, अगदी हलके,
आणि एक टक्,
आटा आट्यावरून खाली उतरल्याचा,
कानाला नव्हे, कोपराला ऐकू आलेला.
आता उजवीकडे.
एक. दोन. तीन.
चार.

किल्ली फिरवली. दोनदा खोकला, मग लागला.
डेलमर बॉनेट मिटायची वाट न बघता
इंजिनाच्या कव्हरवर तळवा टेकून उभा.
त्यातली थरथर इंजिनाची किती
आणि त्याची किती, वेगळं करता येईना.
तो बराच वेळ तसाच.
मी ॲक्सिलरेटरवरचा पाय तेवढा स्थिर ठेवला.

"फॅनचा पट्टा," शेवटी म्हणाला, "किरकिरतोय.
पुढच्या शनिवारी बघू."
आणि बादली उचलून गवतातून घरी निघाला.
बादली माझी होती.