आडवी रेघ असलेला सात

फ्रीजर उणे ऐंशीवर.
दार उघडलं की आधी माझाच श्वास पांढरा होतो,
मग दिसतात बोटभर नळ्या:
डंडीच्या नऊ शाळांतली लघवी,
रांगेत उभी, नाव कुणालाच नाही.

चारशे बारा: फक्त व्हेप. चव, निळी रासबेरी.
चारशे तेरा: फक्त सिगरेट, तीही काकाच्या खिशातली.
चारशे चौदा: दोन्ही.
दोन्हीवाल्यांचं शिखर पडद्यावर
गावामागच्या टेकडीसारखं उभं राहतं.

निकोटिन थांबत नाही फार.
मागे राहतं कोटिनिन,
पाहुणा उठून गेल्यावर
कपाच्या बुडाशी साखर सापडावी तसं.
एका मुलाने फॉर्मवर लिहिलं होतं,
‘मी काही ओढत नाही, ही नुसती वाफ.’
त्याच्या नळीत शिसं निघालं, थोडंसं.
‘थोडंसं हा शब्द अहवालात चालत नाही, डानुता,’
डॉक्टर मॅकगिलव्ही म्हणाले, ‘आकडा लिही.’
लिहिला.

गुरुवारी चारशे एकतीस.
लेबलवर तारीख मुलं स्वतः घालतात.
सतरा. आणि त्या सातच्या पोटात
एक आडवी रेघ.

इथली मुलं सात मोकळा सोडतात.
आमच्या वूचमध्ये रेघ मारतात,
एक आणि सात यांची गल्लत होऊ नये म्हणून.
ती रेघ मी एका पाच वर्षांच्या मुलीला शिकवली होती,
ओट्यावर सांडलेल्या पिठात, बोट धरून.

डंडीत पोलिश घरं पुष्कळ.
रेघाही पुष्कळ.
असं मी यंत्राला ऐकवलं, हातमोजे बदलले,
नळी आत ठेवली.

नावांची यादी वरच्या मजल्यावर, कुलपात.
झाकली मूठ.
आणि ती मूठ झाकणारी मीच:
शाळाशाळांतून मीच सांगत फिरते,
‘खरं लिहा रे, आईबापांना कळणार नाही.’

आकडा आला. शेजारच्या रकान्यात
तिनेच केलेली खूण: दोन्ही.

घरी कालिना खिडकीत, अनवाणी.
बाहेर फेब्रुवारी, खिडकी सताड उघडी
आणि खोलीभर पिकलेला आंबा.
मी जन्मात दोनदा आंबा खाल्लाय.
त्याला हा वास नव्हता.

‘थंडी नाही वाजत?’
‘नाही.’
वही उघडी होती. तारखेकडे मी पाहिलं नाही.
पाहिलं.

‘आई, तू तिथे दिवसभर नक्की काय करतेस गं?’
‘मोजते.’
‘काय?’
किटलीचं बटण टक्कन उडालं,
आम्ही दोघी त्याच्याकडे बघत राहिलो,
जणू तेच उत्तर देणार होतं.

मी खिडकी लावली नाही.
तिच्या शेजारी बसले, पाय वर घेऊन,
आणि म्हणाले,
‘मी पंधराची होते. आमच्या गिरणीच्या भिंतीमागे,
बाबांच्या कोटातून चोरलेल्या दोन.
पहिली ओढून ओकले.
दुसरी फेकवेना.’

तिची पेन्सिल थांबली.

‘मग?’ ती म्हणाली,
खिडकीकडे बघत,
एक पाय दुसऱ्या पायाखाली घेत.
‘दुसरीचं काय केलंस?’