कारण: गुरुवार

वर्किंग्टनच्या कॉलेजात, मदतनिधीच्या खिडकीमागे
मी एकोणीस वर्षं बसते आहे.
काचेखाली एक फट आहे, कागद सरकवण्यापुरती.
हात जात नाही तिच्यातून.
आवाज जातो, बहुधा हळू,
कारण मागे रांग असते
आणि रांगेला कान असतात.

अर्ज चौदा पानांचा.
घरात माणसं किती, त्यांतली कमावती किती,
वडील: हयात, वेगळे, माहीत नाही.
मुलं 'माहीत नाही'वर खूण करतात,
मग ती खोडून 'वेगळे'वर,
माझ्याकडे न बघता.

शॅनन फिअरन, वय सतरा, वेल्डिंग, पहिलं वर्ष.
आईच्या भत्त्याचं पत्र तिनं आणलं चार घड्या घालून,
चहाचा डाग नेमका रकमेवर.
डिसेंबरचा दुसरा आठवडा. समुद्रावरून वारा असा
की दार उघडलं की टेबलावरचे सगळे अर्ज
उठून उभे राहतात.

नियम सरळ आहे:
हजेरी नव्वद टक्के, तर बसचा पास.
हिची चौऱ्याऐंशी.
म्हणजे येत नाही म्हणून पास नाही
आणि पास नाही म्हणून...
हे वाक्य मी इतक्यांदा अर्ध्यावर सोडलंय
की आता ते आपलं आपणच तिथं मोडतं,
जुन्या घडीसारखं.

गैरहजेरीचं कारण लिहायला तीन ओळी.
तिथं दाढा दुखतात, पाइप फुटतात, आज्या वारतात.
एकानं एकच आजी दोनदा पुरली,
मी दोन्ही वेळा म्हणाले, फार वाईट झालं.
शॅननने एकच शब्द लिहिला होता:
गुरुवार.

मला वाटलं, दुसऱ्या चौकटीतलं उत्तर चुकून इथं पडलं.
परत सरकवणारच होते.
मग हजेरीपट उघडला.
सोमवार भरलेले, मंगळवार भरलेले, बुधवार भरलेले.
गुरुवार चौदा, त्यांतले नऊ कोरे,
भिंतीतून कुणी विटा काढून नेल्यासारखे.

रविवारी रात्री आई बारा पौंड देते.
येऊन-जाऊन दिवसाचे चार.
बुधवारी संध्याकाळी बसमधून उतरते
तेव्हा तिचा आठवडा संपलेला असतो.

"मग ते पाच गुरुवार कशी आलीस?"
"चालत. पाऊस नव्हता तेव्हा."
मेरीपोर्टहून. सहा मैल.
आजोबांचे बूट घालून, दोन नंबर मोठे,
पुढे वर्तमानपत्राचे बोळे.
पोलादाच्या कारखान्यातले बूट.
कारखाना कधीच गेला,
बुटांची टोकं अजून पोलादीच आहेत.

मंजुरीच्या बैठकीत पॉसलथवेटसाहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"गुरुवारी काय असतं हिचं?"
काही नसतं, मी म्हटलं.
तेच असतं.

थोडा वेळ फक्त हीटर बोलत राहिला.
मग त्यांनी 'विशेष परिस्थिती'वर खूण केली
आणि पुढचा अर्ज ओढला, जरा रागानंच,
मी नियमाची शिवण उसवल्यासारखा.
बुटांना मात्र एप्रिलपर्यंत पैसे नाहीत.
बुटांचा रकाना वेगळा,
त्याचा तळ ऑक्टोबरातच दिसला होता.

पास छापून आला. फोटोत ती हसलेली नाही,
हस म्हणून कुणी सांगितलं नसणार.
उलटा केला, सुलटा केला, नखानं कड तपासली.
"गुरुवारी चालतो?"
वार लिहिलेला नाही त्याच्यावर, मी म्हटलं,
आणि ती गेल्यावर त्या शब्दाशीच अडकून बसले.
आठवड्याचे सात वार.
कुठला कुणाला लागतो,
ज्याचं त्याला ठाऊक.

जानेवारीतल्या पहिल्या गुरुवारी
पावणेनऊला कॉरिडॉरमधून आवाज आला,
जड, किंचित मागं रेंगाळणारा,
आधी पाय, मग बूट.
मी मान वर केली नाही.
रांगेतल्या पहिल्या मुलाचं पेन
'वडील'पाशी थांबलं होतं
आणि मला त्या वेळी
खिडकीबाहेर बघायचं असतं.