खोलीचा रकाना

नकाशाची गुंडाळी घेऊन मी नेब्रास्कात पोचलो
तेव्हा एमिल कुबिचेक बोअरच्या गाडीखाली उताणा पडला होता.
बाहेर फक्त बूट.
"टेबलावर ठेव," बूट म्हणाले.

टेबलावर पाने, पक्कड, ग्रीसचा डबा
आणि तिचा शाळेतला फोटो, पुढचा दात पडलेला.

मी गुंडाळी उलगडली.
मंगळावरची एक टेकडी, चहाच्या चोथ्यासारखी,
पायथ्याशी तीन दगड.
खाली बारीक अक्षरांत : रोझाली.

तो आला. हात पुसले. पुन्हा पुसले.
"उंची?"
"चौसष्ट मीटर."
खिडकीतून त्यानं गावच्या धान्यकोठाराकडे पाहिलं,
मनातल्या मनात एकावर एक अशी दोन ठेवली असावीत.
"खडक कसला?"
"बेसॉल्ट. वर धूळ."
"किती फूट धूळ?"
चाळीस वर्षं जमिनीला भोकं पाडलेल्या माणसापुढे
माझी पदवी गप्प बसली.

मग म्हणाला,
शाळेत आमचं आडनाव कुणाला धड म्हणता यायचं नाही,
पोरं तर नावंच ठेवायची.
म्हणून गाळलंत का?
"नाही. कुबिचेक नावाचं विवर आधीच आहे चंद्रावर,
कुणा भिंगं घासणाऱ्याचं."
तो हसला. त्या दुपारी तेवढंच एकदा.
"म्हणजे आमच्यातलं कुणीतरी आधीच पोचलंय."

मी सांगायचं टाळत होतो ते त्याला ठाऊकच होतं :
ती मंगळावर कधी गेली नव्हती.
परतीच्या वाटेवर, समुद्राच्या वर, अकरा सेकंदांत
संपलं होतं सगळं.
चर्चमागच्या दगडाखाली ती नाही.
या टेकडीखालीही नाही.
नाव तेवढं लागलं,
जिथं हाक मारायला हवासुद्धा पुरेशी नाही.

"पाणी?" त्यानं विचारलं.
ध्रुवाकडे बर्फ आहे, मी म्हणालो.
टेकडीखाली अजून कुणी पाहिलेलं नाही.
"म्हणजे नाही असं नाही."

फळीवरून त्यानं तेलकट वही काढली.
प्रत्येक बोअर एका ओळीत : मालक, खडक, खोली, पाणी.
ह्लावाटीची विहीर. डेअरीची विहीर. शाळेची, कोरडी.
त्याखाली, पेन्सिल जिभेला लावून,
सावकाश लिहिलं :
रोझाली. बेसॉल्ट, वर धूळ.
खोलीचा रकाना कोरा सोडला.
पाण्याच्या रकान्यात : बाकी.

आणि वही मिटता मिटता मला म्हणाला,
तो सोळा नंबरचा पाना दे जरा.